शाबूत दोन बोटं

रविवार, दहा जून २०१८. पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. विष्णुपुरीत, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या पत्र्याच्या तबेल्यात बुद्धप्रिया सोनकांबळे घोड्याचा तंग दातांनी आवळत होती. तंग म्हणजे पोटाखालून खोगीर बांधायचा पट्टा. पट्टा डाव्या हातानं वर ओढायचा, टोक दातांत धरायचं, मान मागे न्यायची आणि बकलाचा काटा भोकात बसला की नाही ते डोळ्यांनी बघायचं. बोटांवर भरवसा ठेवून चालत नव्हतं. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होती. डाव्याचीही सुरुवात झाली होती.

तबेल्याचे मालक आनंदराज पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, तिच्या वडिलांच्या ओळखीतले. त्यांचे तीन घोडे. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं सकाळी शिकायला यायची, त्यांना फेब्रुवारीपासून बुद्धप्रिया शिकवायची. आनंदराज दाराशी चहा घेऊन उभे राहिले.

"आज सातची बस धरायची म्हणत व्हतीस. लातूरला काय हाय?"

"मिरवणूक."

"कुणाची?"

"माझ्या वैऱ्याची."

आनंदराजांनी चहा खाली ठेवला. "पोरी, त्यापरीस हाताचं ऑपरेशन करून घे. डॉक्टर जानेवारीपासून बोलवून राहिलाय."

"हात बरा झाला की लोक म्हणतील, हिला काही झालंच नव्हतं," ती म्हणाली. तिनं कप दोन्ही तळव्यांत धरून चहा प्यायला. कान धरून कप उचलणं तिनं वर्षापूर्वीच सोडलं होतं.

डॉक्टरांनी या दुखण्याचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम असं लिहून दिलं होतं. मनगटात हाडं आणि जाड पडदा यांच्यामधून एक अरुंद बोगदा जातो. त्यातून हाताची एक मोठी नस जाते. बोगद्यात सूज आली की नस दाबली जाते आणि अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्यापर्यंत मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग पकड जाते. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते, म्हणून करंगळी शाबूत राहते. चोवीस वर्षं लगाम ओढून, खरारा करून, ओले पट्टे आवळून तिनं हे दुखणं कमावलं होतं. डॉक्टर असंही म्हणाले होते की अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसाचा उंचवटा वाळत चाललाय. उशीर केला तर नस सुटेल, पण तो भरून येईलच असं नाही. बुद्धप्रियानं ते नीट ऐकून घेतलं आणि तारीख घेतली नाही. पाच महिने ती तो उंचवटा खचताना बघत होती. हात हा तिचा पुरावा होता आणि पुरावा शाबीत होईपर्यंत तिला तो जपायचा होता.

शाबीत कुणासमोर करायचा, हेही ठरलेलं होतं.

तिचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं. त्र्याण्णवच्या तीस सप्टेंबरला पहाटे ते गाव पडलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आई पारूबाई दगडमातीच्या भिंतीखाली गेली. वडील ज्ञानोबा आणि ती अंगणात झोपले होते म्हणून राहिले. पुढच्या वर्षी एका संस्थेनं भूकंपातल्या मुलांना पुण्याजवळच्या निवासी शाळेत नेलं. त्या शाळेत घोडे होते. इतर मुलं संध्याकाळी फुटबॉल खेळायची, ती तबेल्यात लीद उचलायची. सहा महिन्यांनी तिला खोगीर मिळालं.

दोन हजार चार साली ती लातूरला परतली. लातुरात तेव्हा क्लास उगवत होते. किनवटपासून हदगावपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन स्टँडवर उतरत होती, डॉक्टर व्हायला. अशाच एका निवासी शाळा-नि-क्लासचे संचालक आलोक सर. त्यांच्या माहितीपत्रकात जलतरण तलाव होता, वातानुकूलित अभ्यासिका होती आणि चार घोडे होते. घोड्यांवर बसवायला माणूस हवा होता, म्हणून बुद्धप्रियाला घेतलं. पालक आले की आलोक सर तिच्याकडे हात करून म्हणायचे, "ही आमची भूकंपग्रस्त मुलगी. ढिगाऱ्यातून थेट घोड्यावर!" ती ढिगाऱ्यात नव्हतीच, असं सांगायची संधी त्यांनी तिला चौदा वर्षांत एकदाही दिली नाही.

हात बिघडायला लागला दोन हजार सोळात. लगामावरचा ताण बोटांना कळेना. कधी हिसका जास्त बसायचा, कधी लगाम निसटलेला असायचा आणि तिला पत्ता नसायचा. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून तिनं घोडे बदलले. म्हणजे घोडे तेच, त्यांची शिकवण बदलली. लगाम करंगळी आणि अनामिकेत नुसता सैल अडकवायचा, त्याला कामच द्यायचं नाही. स्वार पुढं झुकला की चालायचं, मागे रेलला की थांबायचं. लगामाला हिसका बसला तर तिकडं लक्ष द्यायचं नाही, कारण तो हिसका बाईच्या आजारी हाताचा असू शकतो. चारही जनावरांना हे पक्कं बसवायला तिला आठ महिने लागले. पांढरी घोडी शेवंता सगळ्यांत आधी शिकली.

हे तिनं आलोक सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "घोडे चालतात ना? मग झालं."

दर जूनमध्ये निकाल लागला की संस्थेची मिरवणूक निघायची. गुणवंत मुलं उघड्या जीपमध्ये आणि पुढं शेवंतावर स्वतः आलोक सर, डोक्याला फेटा, छातीवर शेला. फोटोत मोतद्दार येतो म्हणून लगाम धरायला माणूस ठेवायचे नाहीत. बुद्धप्रिया मात्र त्यांच्या डाव्या गुडघ्याशी चालायची. मधूनमधून घोडी थबकायची, कारण सरांना छाती काढून मागे रेलून बसायची सवय. ती हळूच म्हणायची, "सर, थोडं पुढं." सर पुढं व्हायचे, घोडी चालायची. त्यांना वाटायचं, बाई फोटोसाठी सांगतात.

यंदा सोळा जानेवारीला मुग्धा पडली. आठवीतली, हदगावची. बुद्धप्रिया रिंगणाच्या मधोमध लांब दोर धरून उभी होती आणि मुग्धाला घेऊन घोडा भोवती फिरत होता. बाहेर ट्रॅक्टरचा सायलेन्सर फुटल्यागत वाजला, घोड्यानं मान झटकली आणि दोर बुद्धप्रियाच्या हातातून गेला. तो गेलाय हे तिला मूठ बघितल्यावर कळलं. मुग्धाच्या खांद्याजवळचं हाड मोडलं.

त्याच्या पाच आठवडे आधी तिनं नसांच्या तपासणीचा रिपोर्ट सरांच्या टेबलावर ठेवला होता. रिंगणात दुसरा माणूस द्या, अशी तिची मागणी होती. सरांनी रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला. "गॅदरिंग होऊ द्या, मग बघू."

एकवीस जानेवारीला पालकांची सभा झाली. दोनशेच्या आसपास पालक. आलोक सर माइकवर म्हणाले, "अत्यंत दुःखानं सांगतो, त्या वेळी बाई फोनवर बोलत होत्या. आम्ही त्यांना कामावरून कमी केलं आहे." बुद्धप्रिया मागच्या रांगेत उभी होती. तिचा मोबाईल त्या दिवशी मोतद्दार माणिकप्पाच्या खिशात होता, कारण तिच्या हातातून तो सारखा पडायचा. तिनं माणिकप्पाकडे बघितलं. उदगीरकडचा साठीचा माणूस, तिच्यासोबत चौदा वर्षं काढलेला. त्यानं खाली बघितलं. मुग्धाची आई सौदामिनी, स्वतः शिक्षिका, जाताना एवढंच म्हणाली, "माझी मुलगी तुमच्या भरवशावर होती हो."

त्या संध्याकाळी बुद्धप्रियानं दोन गोष्टी ठरवल्या. माणसानं जे माइकवर सांगितलं ते माइकवरच परत घ्यायचं. आणि घोडे कसे चालतात हे नव्या प्रशिक्षकाला सांगायचं नाही. दुसरी गोष्ट तिच्या हातून राहून गेली नाही, तिनं ती ठरवून केली. फक्त हॉस्टेलच्या सिंधुताईंना तिनं फोन करून विचारून घेतलं होतं: मुलांचं घोड्यावर बसणं जानेवारीपासून बंद आहे ना? बंद होतं. मग तिला कसली घाई नव्हती.

साडेदहाला ती लातुरात उतरली. सगळे ज्याला ट्यूशन एरिया म्हणतात, तिथल्या एका झेरॉक्सच्या दुकानापुढं सावलीत उभी राहिली. समोर दुसऱ्या एका क्लासचा तीन मजली बोर्ड होता. मिरवणूक दरवर्षी याच रस्त्यानं जायची, मुद्दाम.

अकरा वाजून वीस मिनिटांनी बँड ऐकू आला. शेवंता नीट चालत येत होती, कारण आलोक सर पुढं झुकून लोकांना हात जोडत होते. बाजूला नवा प्रशिक्षक, काळा चष्मा, पुण्याहून आणलेला. मागे माणिकप्पा, मग जीप, मग पालक. समोरच्या क्लासचा बोर्ड दिसला तसे सरांनी खांदे मागे घेतले, छाती काढली आणि एक हात कमरेवर ठेवला.

घोडी थांबली.

सरांनी टाच मारली. घोडी थांबलेलीच. लगाम हिसकला, त्याचा उपयोग नव्हता. घाबरून ते आणखी मागे रेलले आणि घोडीनं चारी पाय रोवले. जीप मागून अंगावर यायला लागली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. बँडवाले चार पावलं पुढं गेले आणि मागं कुणी नाही बघून गप्प झाले.

समोरच्या क्लासच्या गॅलरीत पोरं जमली.

"सर, पेट्रोल संपलं काय?"

"निगेटिव्ह मार्किंग हाय रे, हलली तर मार्क कापतेत!"

"ओ सर, घोडीला आमच्याकडं अ‍ॅडमिशन घ्यायचीय, ती उतरून राहिली!"

दहा-बारा मोबाईल वर झाले. नवा प्रशिक्षक लगाम धरून पुढून ओढू लागला, सर भीतीनं मागून ओढू लागले. शेवंता दोघांच्या मधे खांबासारखी. प्रशिक्षकानं छडी उचलली.

"ए, मारू नगा!" माणिकप्पा ओरडला. "उडाली तर सर खाली येतेत."

"मग उतरवा मला," आलोक सर दबक्या आवाजात म्हणाले.

"कसं उतरवू? तुमचा चढायचा स्टूल शाळेत ऱ्हायलाय."

आलोक सरांचं वजन शंभरच्या वर. स्टुलाशिवाय ते घोड्यावरून उतरले असते तर ते समोरच्या बोर्डाखाली, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये उतरले असते. ते बसून राहिले. फेट्याखालून घाम कानावर आला. दहा मिनिटं झाली. पाठीमागं रिक्षांची रांग लागली.

मग माणिकप्पाला झेरॉक्सच्या दुकानापुढं हाताची घडी घातलेली बाई दिसली. तो अर्धवट पळत आला.

"बाई, काय करून राहिलाव? सांगा की तिला."

"मी काय सांगू? मी काय नोकरीला हाय का तिथं?"

"चूक झाली माझी. त्या दिशी फोन माझ्या खिशात व्हता, म्या बोलाय पायजे व्हतं. लेकीचं बाळंतपण व्हतं, नोकरी गेली असती तर..."

"माझी गेली की, माणिकप्पा. मी जिवंत हाय."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मग काय सांगू सरांना?"

"सांगा, जीपवर माइक हाय. जानेवारीत जे बोलले ते परत घ्या म्हणावं. मग घोडी चालंल."

निरोप गेला. सरांनी मान वळवून तिला पहिल्यांदा बघितलं. त्यांनी माइक मागवला. आवाज ताबडतोब सभेतला झाला. "मित्रहो, आज आपल्यामध्ये आपल्याच संस्थेच्या माजी प्रशिक्षिका, भूकंपग्रस्त मुलगी, ढिगाऱ्यातून थेट..."

बुद्धप्रिया वळली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली.

"मॅडम!" माइकमधून आवाज आला. "थांबा."

ती थांबली. परत आली, ती थेट घोडीच्या तोंडाशी. शेवंतानं तिच्या खांद्यावर नाक घासलं. तिनं घोडीला हात लावला नाही.

"सोळा जानेवारी," ती म्हणाली.

वरून कुणीतरी शिट्टी वाजवली. पालक जीपच्या पुढं येऊन उभे राहिले होते, त्यांत सौदामिनीही होती आणि तिच्या शेजारी मुग्धा.

"सोळा जानेवारीला," आलोक सर म्हणाले, "मॅडम फोनवर नव्हत्या."

"पुढं?"

"त्यांच्या हाताला त्रास होता. त्याची कल्पना त्यांनी दिली होती."

"कल्पना न्हाई. रिपोर्ट. कुठाय तो?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये."

"दुसरा माणूस मागितला व्हता का मी?"

"मागितला होता."

"दिला?"

सरांनी माइक तोंडापासून लांब नेला. तिनं नुसती भुवई वर केली. माइक परत जवळ आला.

"नाही दिला."

गॅलरीतली पोरं आता हसत नव्हती. मोबाईल मात्र वरच होते. सर माइकशिवाय, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलले, "झालं समाधान? आता चालव हिला."

"मी चालवत न्हाई. तुमीच चालवा. पुढं वाका."

"काय?"

"वाका, सर. आणखी. कमरेतून."

आलोक सरांना वाटलं ती नमस्कार करायला लावतेय. त्यांचा चेहरा काळवंडला. पण मागं जीप होती, रिक्षा होत्या, वर मोबाईल होते. फेटा घोडीच्या मानेला टेकेपर्यंत ते वाकले, बुद्धप्रियाच्या बरोबर समोर. शेवंता चालू लागली. बुद्धप्रिया बाजूला झाली नाही, घोडीच तिला वळसा घालून गेली. बँडवाल्यांना काही कळेना, त्यांनी घाईघाईत वरातीचं गाणं सुरू केलं. पुढच्या चौकापर्यंत सरांनी पाठ ताठ केली नाही. कशानं थांबते हे त्यांना अजून कळलं नव्हतं, कशानं चालते तेवढं कळलं होतं.

सौदामिनी मागे थांबली. "मॅडम, मी तुम्हाला त्या दिवशी नको ते बोलले. मला माफ करा."

"तुम्ही मला एकदा विचारलं असतंत," बुद्धप्रिया म्हणाली. "तुम्ही शिक्षिका आहात. विचारायला शिकवता."

माफ केलं असं बुद्धप्रिया म्हणाली नाही. मुग्धाला तिनं हात वर करायला सांगितलं. मुग्धानं केला, पूर्ण वर, कानाला लागेपर्यंत. "दुखतं?" "नाही." "बरं," ती म्हणाली आणि तिच्याशीही त्याहून जास्त बोलली नाही.

माणिकप्पा मिरवणुकीतून पुन्हा मागं आला. "त्यो पुण्याचा इचारून राहिलाय, घोड्यांना काय शिकवलंय म्हून. उद्यापासनं पोरं बसवायचं म्हणतेत सर."

हे तिला माहीत नव्हतं. पहिल्यांदाच त्या दिवशी तिचा आवाज चढला. "उद्या? कुणाला इचारून?" मग तिनं माणिकप्पाला तिथंच रस्त्याच्या कडेला उभं करून सगळं सांगितलं, दोनदा, आणि त्याच्याकडून एकदा म्हणवून घेतलं. झुकलं की चालणं, रेललं की थांबणं, लगामाला हात नाही. "पोरांचं म्हणून सांगितलं. सरांचं म्हणून न्हाई. ह्ये बी सांगा त्यांना."

"परत या की बाई आता. सर घेतेत की. घ्यावं लागंल."

"घेतलं तरी मी येत न्हाई. आणि तो रिपोर्ट मला पोस्टानं पाठवा म्हणावं, रजिस्टर."

झेरॉक्सवाल्यानं तिला पाण्याची बाटली दिली. झाकण तिच्याकडून फिरेना. त्यानंच ते उघडून दिलं आणि मोबाईल पुढं केला. चित्रफीत तोवर तीन ग्रुपांवर फिरून त्याच्याकडे परत आली होती. तिनं ती एकदा बघितली. सर वाकतात तो भाग पुन्हा बघितला. तिला वाटलं होतं त्याहून कमी बरं वाटलं, पण बरं वाटलं. "पाठवू का तुम्हाला?" त्यानं विचारलं. तिनं नंबर सांगितला.

परतीच्या बसमध्ये, अहमदपूरच्या पुढं, तिनं उजव्या हाताचं मनगट मांडीवर उलटं ठेवून अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं. तिथं खळगा होता. पाच महिन्यांपूर्वी तिथं मांस होतं. या पाच महिन्यांचा हिशेब तिनं आलोक सरांच्या खात्यावर टाकला नाही. तो तिचाच होता, हे तिला माहीत होतं. डॉक्टरांच्या दवाखान्यात तिनं करंगळीनं नंबर दाबून फोन लावला. रविवार असूनही तो उचलला गेला.

"तारीख हवी होती," ती म्हणाली. "ऑपरेशनची."

पलीकडची बाई म्हणाली की आधी नसांची तपासणी पुन्हा करावी लागेल, जुनी डिसेंबरची आहे. उद्या या.

आनंदराजांना तिनं बसमधूनच कळवलं. त्यांनी काय झालं हे विचारलं नाही, चित्रफीत त्यांनाही पोचली होती. "वाकला की रे मर्दा," एवढंच म्हणाले आणि उद्याच्या तुकडीचं काय, असं विचारलं.

उद्या सोमवार. विष्णुपुरीची पहिली तुकडी साडेपाचला आहे, सहा विद्यार्थी. नसांच्या तपासणीची वेळ सव्वानऊची आहे. दुसरी तुकडी रद्द.